बँड-एड की बँडेज? कोटेशनमधल्या एका शब्दाने अडकलेलं पेमेंट



या वेळच्या व्हिडिओत आपण इंग्रजीत कोटेशन कसं लिहायचं ते पाहिलं. त्यात एका शब्दावरून मी जरा घाईत पुढे गेलो. आज तोच शब्द निवांत घेऊ. प्रश्न अगदी साधा आहे. भाजी चिरताना बोट कापलं की आपण मेडिकलमधून जी चिकटपट्टी आणतो, तिला इंग्रजीत काय लिहायचं?

तुम्ही म्हणाल, "सर, हा काय प्रश्न झाला? बँड-एड!"

बोलताना हे उत्तर चालतं, पण कागदावर चालत नाही. आणि धंदा कागदावर होतो. कोटेशन, पीओ, चलन, बिल, लेबल, ऑनलाइन लिस्टिंग, सगळीकडे तुम्ही लिहिलेला शब्द हाच तुमचा शब्द असतो. तो चुकला तर काय होतं, ते आधी एका खऱ्या अनुभवातून सांगतो.

80 पेट्या आणि एक शब्द

आमच्या एका बॅचमध्ये नाशिकच्या एक ताई होत्या. कारखान्यांना प्रथमोपचार पेट्या भरून द्यायचा त्यांचा व्यवसाय. कल्पना उत्तम होती. 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टनेच कारखान्यात दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी ठेवायची अट घातली होती, त्यामुळे एमआयडीसीत गिऱ्हाइकांना तोटा नाही. शिवाय पेटीतल्या वस्तू वापरल्या जातात, संपतात, मुदतबाह्य होतात. म्हणजे एकदा गिऱ्हाईक जोडलं की पुन्हा पुन्हा ऑर्डर.

ताईंना एका कंपनीकडून 80 पेट्यांची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. कोटेशनमध्ये त्यांनी प्रत्येक पेटीतल्या वस्तूंची यादी दिली होती. त्यातल्या दोन ओळी अशा होत्या: "बँड-एड, 20 नग" आणि "गेज बँडेज, 4 नग". खरेदी विभागाने तीच यादी जशीच्या तशी पीओमध्ये उतरवली. ताईंनी माल वेळेवर पोचवला. पट्ट्या होत्या दुसऱ्या एका कंपनीच्या, लायसन्सवाल्या, दर्जाला काहीही कमी नसलेल्या.

चौथ्या दिवशी कंपनीच्या स्टोअरमधून ईमेल आला. पीओमध्ये बँड-एड लिहिलंय, पेटीत तो ब्रँड नाही. आणि "गेज" म्हणजे मोजायचं यंत्र, ते यादीत आहे पण पेटीत दिसत नाही. माल होल्डवर.

ताईंचा मला फोन आला. आवाज रडवेला झाला होता. म्हणाल्या, "सर, पट्ट्या चांगल्या आहेत हो. मी कुणाला फसवलं का?"

फसवलं नव्हतंच. पण लिहिलं एक आणि दिलं दुसरं, एवढं मात्र कागदावर दिसत होतं. आणि आता खरं सांगतो, ते कोटेशन पाठवण्याआधी मीच तपासलं होतं. रेट बघितला, जीएसटी बघितला, वाहतूक धरली का ते बघितलं, मार्जिन बघितलं. शब्द मात्र वाचलेच नाहीत. कारण मीही घरी "बँड-एड आण गं" असंच म्हणतो. डोळ्याला ते खटकलंच नाही.

यात पैसे कसे अडकतात ते समजून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पेमेंटसाठी 2006 चा एमएसएमईडी कायदा आहे. करारात काहीही लिहिलं तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही, असं तो सांगतो. पण हे 45 दिवस मोजायचे कधीपासून? माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. आणि माल मिळाल्यावर 15 दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर तुम्ही ती हरकत दूर कराल तो दिवस स्वीकृतीचा दिवस धरला जातो. ताईंच्या पीओमध्येही "माल स्वीकारल्यापासून 45 दिवस" असंच लिहिलेलं होतं. म्हणजे त्या एका ईमेलने घड्याळ थांबलं. कायदा ताईंच्या बाजूने उभा राहायचा, पण ताईंचाच शब्द आडवा आला.

शेवट काय झाला ते खाली सांगतो. आधी शब्द नीट करून घेऊ.

आपण असं का लिहितो?

कारण आपल्या तोंडात ब्रँडच वस्तूचं नाव होऊन बसतो. आपण फोटोकॉपी काढत नाही, "झेरॉक्स मारतो". स्टेशनवर पाण्याची बाटली मागत नाही, "एक बिसलेरी द्या" म्हणतो, आणि दुकानदार भलतीच बाटली देतो तेव्हा मुकाट घेतोही. आजीच्या पिढीला वनस्पती तूप म्हणजे डालडाच. यात गैर काही नाही, बोलीभाषा अशीच चालते.

पण "झेरॉक्स 2 रुपये" असा बोर्ड लावणं वेगळं आणि 80 पेट्यांच्या पीओमध्ये ब्रँडचं नाव लिहिणं वेगळं. पीओ वाचणारा माणूस तुमच्या मनातलं वाचत नाही, कागदावरचं वाचतो. त्याचं काम तेच आहे.

बँड-एड आलं कुठून?

ही गोष्ट उद्योजकाने माहीत करून घ्यावी अशीच आहे. 1920 साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या न्यू ब्रन्सविक इथे अर्ल डिक्सन नावाचा माणूस जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापूस खरेदीचं काम करायचा. त्याची बायको जोसेफिन हिला स्वयंपाक करताना वारंवार कापायचं, भाजायचं. त्या काळी जखमेवर कापडाची घडी ठेवून वरून चिकट टेप लावावी लागे, आणि एका हाताने ते जमत नसे. डिक्सनने काय केलं? लांब चिकट टेपवर थोड्या थोड्या अंतरावर गॉजचे छोटे तुकडे चिकटवले आणि वरून कापड लावलं, म्हणजे चिकटपणा टिकेल. जोसेफिनने हवा तेवढा तुकडा कापायचा आणि स्वतःच लावायचा.

कंपनीला कल्पना आवडली आणि 1921 मध्ये ही पट्टी बाजारात आली. सुरुवातीला पट्ट्या हाताने बनत, 1924 पासून मशीनवर बनू लागल्या. डिक्सन पुढे त्याच कंपनीचा उपाध्यक्ष झाला. घरातली अडचण नीट बघितली की प्रॉडक्ट सापडतं, हे मी व्हिडिओत नेहमी सांगतो. त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता मुद्दा असा, की "बँड-एड" हे त्या कंपनीने आपल्या मालाला दिलेलं नाव आहे, म्हणजे ट्रेडमार्क. 2023 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने आपले ग्राहकोपयोगी ब्रँड केनव्ह्यू नावाच्या वेगळ्या कंपनीकडे दिले, त्यात हाही ब्रँड गेला. मालक बदलला तरी नाव मालकीचंच आहे. वस्तूचं नाव वेगळं आहे, ते म्हणजे "अ‍ॅडहेसिव्ह बँडेज". अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे चिकटणारं, बँडेज म्हणजे पट्टी. चिकटपट्टी. झालं!

मालक कंपनी स्वतः कसं लिहिते ते बघा: "बँड-एड ब्रँड अ‍ॅडहेसिव्ह बँडेजेस". आधी ब्रँड, मग वस्तू. एवढं लांबलचक का? कारण त्यांना धास्ती आहे. नाव लोकांच्या तोंडी इतकं बसलं की ते वस्तूचंच नाव झालं, तर कोर्ट म्हणू शकतं की आता हे नाव सगळ्यांचं. हे खरंच घडलंय. "अ‍ॅस्पिरिन" हे एकेकाळी बायर कंपनीचं नाव होतं. 1921 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ठरवलं की सामान्य ग्राहकाच्या लेखी हे गोळीचं नाव झालंय. "एस्कलेटर", म्हणजे आपला सरकता जिना, हाही ब्रँडच होता, 1950 मध्ये अमेरिकेत त्याचंही तेच झालं. म्हणून मोठ्या कंपन्या आपल्या नावाला इतक्या जपतात, आणि दुसऱ्याने ते वापरलं तर नोटीस पाठवायला मागेपुढे बघत नाहीत.

पाच शब्द, पाच वस्तू

मराठीत आपण सगळ्याला "पट्टी" म्हणतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द आहे. कोटेशन लिहिताना हा भाग शेजारी उघडा ठेवा.

1. ड्रेसिंग. जखमेला थेट टेकतं ते. पण यादीत नुसतं "ड्रेसिंग" लिहू नका, हॉटेलवाल्याला ते सॅलडचं वाटेल. "वूंड ड्रेसिंग" लिहा.

2. बँडेज. ड्रेसिंग जागेवर राहावं म्हणून वरून गुंडाळतात ते. लांब गुंडाळी असेल तर "रोलर बँडेज", मुरगळलेल्या पायाला बांधायची ताणली जाणारी पट्टी असेल तर "क्रेप बँडेज".

3. अ‍ॅडहेसिव्ह बँडेज. ड्रेसिंग आणि चिकटपट्टी एकत्र असलेली छोटी पट्टी. ज्याला आपण बँड-एड म्हणतो, ती हीच.

4. अ‍ॅडहेसिव्ह टेप. नुसती चिकट टेप, मध्ये गॉजचा तुकडा नाही. ही आणि वरची वस्तू वेगळी आहे, एकीच्या जागी दुसरी लिहू नका.

5. गॉज. जाळीदार, विरळ विणीचं सुती कापड.

आणि एक सहावा शब्द, जो सगळ्यात जास्त घोळ घालतो, तो म्हणजे "प्लास्टर". इंग्लंडमध्ये प्लास्टर म्हणजे हीच आपली छोटी चिकटपट्टी. आपल्याकडे प्लास्टर म्हटलं की हाड मोडल्यावर घालतात ते. आणि अमेरिकेत नुसतं प्लास्टर म्हटलं तर माणसाच्या डोळ्यासमोर भिंत येते. तुमचा माल परदेशी जाणार असेल, तर अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला "अ‍ॅडहेसिव्ह बँडेज" लिहा, आणि ब्रिटिश गिऱ्हाइकाला हवं तर "अ‍ॅडहेसिव्ह प्लास्टर". दोघांना एकच कागद पाठवायचा असेल तर पहिला शब्दच लिहा, तो दोन्हीकडे समजतो.

हे शब्द मी माझ्या मनाने सांगत नाही. जीएसटी आणि निर्यातीसाठी जो एचएसएन कोड आपण लिहितो, त्यात 3005 या शीर्षकाखाली कापूस, गॉज, बँडेज आणि तत्सम वस्तू येतात. त्यात 3005 10 हा भाग चिकट थर असलेल्या वस्तूंचा, त्याचं इंग्रजी नाव "अ‍ॅडहेसिव्ह ड्रेसिंग्ज" असं सुरू होतं. आणि भरलेल्या प्रथमोपचार पेटीचा कोड वेगळा, 3006 50. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमातही "अ‍ॅडहेसिव्ह बँडेज" हेच नाव आहे. सरकारी कागदात कुठेही ब्रँडचं नाव नाही. आपणही तेच करायचं.

स्पेलिंग: अक्षरं मोठ्याने म्हणा

खालची अक्षरं वाचताना मोठ्याने म्हणत चला आणि वहीत इंग्रजीत लिहीत चला. हसू नका, मी स्वतः असंच पाठ केलंय.

बँडेज: बी, ए, एन, डी, ए, जी, ई. एकच शब्द. "बँड" आणि "एज" असे दोन तुकडे करायचे नाहीत.

अ‍ॅडहेसिव्ह: ए, डी, एच, ई, एस, आय, व्ही, ई. मधला एच गिळू नका.

गॉज: जी, ए, यू, झेड, ई. इथेच ताईंची दुसरी चूक झाली होती. झेडच्या जागी जी लिहिला की शब्द होतो "गेज", म्हणजे मोजमापाचं साधन. प्रेशर गेज, वायर गेज, तोच. स्पेलचेकही लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द इंग्रजीत आहेत! कारखान्यातला स्टोअरवाला दिवसभर गेज हाताळतो, त्याला "गेज बँडेज" वाचून काय वाटेल?

अ‍ॅब्सॉर्बंट कॉटन, म्हणजे शोषून घेणारा कापूस: शेवट बी, ई, एन, टी असा. ए नाही, ई. आणि नुसतं "कॉटन" लिहू नका, न शोषणारा कापूसही बाजारात मिळतो.

बँड-एड: खरा ब्रँड विकत असाल तर बी कॅपिटल, मग हायफन, म्हणजे छोटी आडवी रेघ, मग ए कॅपिटल. "एड" म्हणजे मदत: ए, आय, डी. शेवटी ई लावला तर अर्थ होतो मदतनीस.

आता एक नाजूक गोष्ट. "फर्स्ट एड" या शब्दाला अनेकवचन नाही. पेट्या दहा असल्या तरी "फर्स्ट एड किट्स", अनेकवचनाचा एस किटला. काही जण एस एडला लावतात आणि बोर्डवर सगळी अक्षरं कॅपिटल करतात. मग काय वाचलं जातं ते तुम्हीच मनात वाचून बघा. प्रथमोपचाराच्या पेटीवर एका आजाराचं नाव! गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण लक्षात ठेवतं.

गॉजचंही तसंच, त्याला एस लावायचा नाही. "गॉज स्वॉब्स, 10 नग" किंवा "गॉज रोल, 1 नग" असं मोजायची वस्तू पुढे लिहा. बँडेजला मात्र एस लागतो: एक बँडेज, दोन बँडेजेस.

जाता जाता आणखी एक. इंग्रजीत "बँड-एड सोल्युशन" असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ आपल्या "वरवरची मलमपट्टी" सारखाच. तेव्हा गिऱ्हाइकाला ईमेलमध्ये कौतुकाने "आम्ही बँड-एड सोल्युशन देऊ" असं लिहू नका. तुम्ही स्वतःच सांगताय की आमचं काम तात्पुरतं आहे!

लेबल आणि लिस्टिंग: इथे चूक महाग पडते

कोटेशनमधली चूक पेमेंट अडकवते. लेबलवरची किंवा ऑनलाइन लिस्टिंगमधली चूक त्याच्याही पुढे जाते.

तुम्ही स्वतःच्या नावाने पट्ट्या विकणार असाल, तर 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम 29 वाचा. दुसऱ्याचं नोंदवलेलं नाव, किंवा फसगत होईल इतकं जवळचं नाव, त्याच प्रकारच्या मालाला वापरणं म्हणजे ट्रेडमार्कचा भंग. म्हणून आपल्या मालाच्या शीर्षकात बँड-एड लिहू नका. "बँड-एड टाइप" लिहू नका, "बँड-एडसारखी" लिहू नका. लोक सर्च तेच करतात हे मला माहीत आहे. तरीही नको. त्याऐवजी "अ‍ॅडहेसिव्ह बँडेज, फर्स्ट एड पट्टी" असं लिहा, तेही शोधात सापडतं.

तुम्ही खरा बँड-एड माल घेऊन विकत असाल, तर? मग नाव लिहायला काहीच हरकत नाही, उलट लिहायलाच हवं. जो ब्रँड आहे तो प्रामाणिकपणे सांगणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं वेगळं. फक्त लिहिताना "मेक" किंवा "ब्रँड" या रकान्यात लिहा, वस्तूच्या नावाच्या रकान्यात नाही.

दुसरी गोष्ट, "स्टेराइल" हा शब्द. ऐकायला छान वाटतो म्हणून कुठेही चिकटवू नका. स्टेराइल म्हणजे निर्जंतुक केलेलं, तसं सिद्ध करता येणारं. भारतात 2017 च्या मेडिकल डिव्हायसेस रूल्सप्रमाणे निर्जंतुक माल असेल तर तसं लेबलवर लिहावं लागतं आणि निर्जंतुक करण्याची पद्धतही द्यावी लागते. याच नियमांमध्ये लेबलवर वस्तूचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, तारखा असा तपशील मागितलाय. तुम्ही फक्त विक्री करणार असाल तरी मेडिकल डिव्हाइस विकण्याची नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र फॉर्म एमडी-42 मध्ये मिळतं. आणि पेटीत औषधं ठेवणार असाल तर औषध विक्रीचा परवाना वेगळा. धंदा सुरू करण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात एक चक्कर मारा, नंतर मारण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट शब्दाची नाही, चिन्हाची आहे, पण पेटीवर शब्दाशेजारीच असते म्हणून सांगतो. पांढऱ्यावर लाल क्रॉस छापू नका. ते रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, आणि 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्टप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारात वापरता येत नाही. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस वापरा.

मग लिहायचं कसं?

एक साचा देतो. वस्तूचं नाव, प्रकार, माप, संख्या, मेक. याच क्रमाने, प्रत्येक ओळीत.

चुकीचं: "बँड-एड, 20".

बरोबर: "अ‍ॅडहेसिव्ह बँडेज, स्टेराइल, 19 मिमी × 72 मिमी, 20 नग, मेक: अमुक कंपनी".

चुकीचं: "गेज बँडेज, 4".

बरोबर: "गॉज बँडेज, 10 सेंमी × 4 मीटर, 4 नग, मेक: अमुक कंपनी".

एकाच कंपनीचा माल नेहमी मिळेल याची खात्री नसेल, तर मेकपुढे "ऑर इक्विव्हॅलंट" जोडा, म्हणजे "किंवा त्या तोडीचा". हे दोन शब्द लिहायला फुकट आहेत आणि ऐनवेळी जीव वाचवतात. पण गिऱ्हाइकाने पीओमध्येही ते उतरवलंय का, तेवढं बघून घ्या.

आणि गिऱ्हाइकानेच चौकशीत "बँड-एड" लिहिलं असेल तर? गृहीत धरू नका, विचारा. फोन करून म्हणा, "साहेब, तोच ब्रँड हवाय की कुठल्याही चांगल्या कंपनीची अ‍ॅडहेसिव्ह बँडेज चालेल?" उत्तर मिळालं की ते दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून पाठवा. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं फायलीत जातं.

ताईंचं पुढे काय झालं?

वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. ताईंनी बाजारातून खऱ्या ब्रँडच्या 1,600 पट्ट्या घेतल्या. जाऊबाईंना बरोबर घेऊन दोन दिवस त्या कंपनीच्या स्टोअरमध्ये बसल्या आणि 80 पेट्या उघडून, बदलून, पुन्हा बंद केल्या. गॉजबद्दल दुरुस्तीचं पत्र दिलं. हरकत निघाली, घड्याळ तिथून सुरू झालं, पेमेंट आलं. पण त्या ऑर्डरवर जी काही कमाई होती, ती या धावपळीत गेली.

सगळं झाल्यावर खरेदी विभागातले साहेब ताईंना म्हणाले, "मॅडम, आम्हाला ब्रँड नकोच होता. तुम्ही लिहिला म्हणून आम्ही मागितला."

हे वाक्य ताईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. कारण ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. तेव्हापासून कुणाचंही कोटेशन आलं की मी आधी आकडे झाकून फक्त शब्द वाचतो, मग शब्द झाकून आकडे. दोन्ही एकदम वाचले की मन आकड्यांकडेच धावतं.

ताईंनी त्यानंतर पेटीतल्या प्रत्येक वस्तूचं इंग्रजी नाव, स्पेलिंग, माप आणि एचएसएन कोड लिहिलेला एक तक्ता करून भिंतीवर लावला. आता कोटेशन त्यावरूनच बनतं. पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून आली, आणि त्या वेळी एकही ईमेल आला नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचा व्यवसाय पट्ट्यांचा नसेल. मसाल्याचा असेल, शिवणाचा, प्लंबिंगच्या सामानाचा. तरी हे तुम्हाला लागू आहे. आज एवढं करा:

1. तुमचं शेवटचं कोटेशन किंवा बिल काढा. वस्तूंच्या नावांखाली पेन्सिलने रेघ मारा.

2. त्यातलं कुठलं नाव खरं तर दुसऱ्याचा ब्रँड आहे? त्याच्यापुढे वस्तूचं खरं नाव लिहा. सापडत नसेल तर एचएसएनच्या यादीत बघा.

3. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग डिक्शनरीत तपासा, फक्त स्पेलचेकवर विसंबू नका. गॉज आणि गेज आठवा.

4. तुमचा स्वतःचा ब्रँड असेल तर तो लिहिताना पुढे वस्तूचं नाव जोडायची सवय आजच लावा: "अमुक ब्रँड गोडा मसाला". आणि नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा. व्यक्ती किंवा लघु उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. पट्ट्या, ड्रेसिंगचा माल वर्ग 5 मध्ये येतो, तुमचा माल कुठल्या वर्गात येतो ते बघून घ्या.

घरी बिनधास्त "बँड-एड आण" म्हणा. मीही म्हणणार. पण पेन हातात घेतलं, की वस्तूला तिच्या नावाने हाक मारा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर लिहीत राहा, विकत राहा!